फाइल हलली, लेबल तेच राहिलं: एसईलिनक्सच्या एका बिघाडाचं प्रकरण

सोमवारी सकाळी पावणेनऊला फोन आला तेव्हा महाविद्यालयाच्या खिडकीसमोर विद्यार्थ्यांची रांग लागलेली होती. परीक्षा अर्ज भरायचे शेवटचे तीन दिवस उरले होते आणि पोर्टल उघडत नव्हतं. मी पोहोचेपर्यंत आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने अर्धा तास झटापट केली होती. दारातच म्हणाला, "मॅडम, अपाची सुरूच होत नाहीये. परमिशन डिनाइड म्हणतंय, पण परमिशन तर सगळ्या बरोबर आहेत."

तो खरं सांगत होता. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्याच्या त्या एका वाक्यामुळेच. परमिशन बरोबर असूनही परवानगी नाकारली जाते, हे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास चुकीच्या दिशेने जातो. मीही काही वर्षांपूर्वी गेले होते.

आधी व्यवस्था सांगते. सर्व्हरवर रॉकी लिनक्स ९, त्यावर अपाची हा वेब सर्व्हर आणि पोर्टलचे पीएचपी प्रोग्रॅम चालवणारा पीएचपी-एफपीएम. मारियाडीबीचा डेटाबेस त्याच खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर, आणि त्या मशीनचं नाव, आयपी पत्त्यासह, /एटसी/होस्ट्स फायलीत लिहिलेलं. विद्यार्थ्यांचे फोटो आणि सह्या /डेटा/अपलोड या वेगळ्या डिस्कवर. एसईलिनक्स, म्हणजे फायलींवर आणि चालू प्रोग्रॅमांवर लेबल लावून कोणी काय वाचायचं ते ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा, एन्फोर्सिंगमध्ये, म्हणजे नियम सक्तीने लागू.

रविवारी रात्री डेटाबेसच्या मशीनचा आयपी पत्ता बदलायचा होता. सहकाऱ्याने सेड ही शोधून बदलणारी आज्ञा वापरून /एटसी या मांडणीच्या फोल्डराखालच्या सगळ्या फायलींमध्ये जुना पत्ता शोधून नवा टाकला. पॅटर्नमधला टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, शिवाय शेवटी ५ असलेला पत्ता ५० मध्येही सापडतो, या दोन गोष्टी निसटल्या आणि नको त्या ठिकाणचे आकडेही बदलले. चूक त्याच्या वेळीच लक्षात आली. त्याने आदल्या रात्रीची टारची बॅकअप प्रत /रूट, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या घराखालच्या एका फोल्डरात उघडली, बिघडलेल्या तेवीस फायली शोधल्या, त्यांत फक्त हवा तेवढा पत्ता हाताने दुरुस्त केला आणि एमव्ही या फाइल हलवण्याच्या आज्ञेने त्या एकेक करून जागच्या जागी ठेवल्या. पोर्टलचं मुखपृष्ठ उघडून पाहिलं, ते उघडलं. अपाची तेव्हा आधीच वाचलेल्या मांडणीवर चालू होता, आणि मुखपृष्ठाला डेटाबेस लागत नाही. पहाटे ठरलेलं अपडेट झालं, मशीन रीबूट झालं आणि मग अपाची उठलाच नाही.

इतक्या काळजीने केलेल्या कामात खोट होती ती फक्त एमव्हीमध्ये. पण सकाळी नऊला हे आम्हाला कुठे ठाऊक होतं!

नकार कोणाला मिळतोय?

सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या लॉगमध्ये एरर स्पष्ट होता: /एटसी/एचटीटीपीडी/कॉन्फ.डी/पोर्टल.कॉन्फ उघडता आली नाही, परमिशन डिनाइड. एलएस -एल मध्ये मालक रूट, गट रूट, मोड ६४४, म्हणजे कुणालाही वाचता यावी अशी. सहकाऱ्याने घाईत सगळ्या कॉन्फ.डी फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन पाहिलं होतं, तरी फरक नाही. सुडो वापरून अपाची या वापरकर्त्याच्या नावाने फाइल कॅटने वाचून पाहिली, तर वाचता आली. एचटीटीपीडी, म्हणजे अपाचीचाच प्रोग्रॅम, -टी देऊन हाताने चालवला तर सिंटॅक्स ओके. सिस्टिमसीटीएलने, म्हणजे सर्व्हिस म्हणून, सुरू करायला जावं तर नकार.

इथे थांबून एकच प्रश्न विचारला असता तर अर्धा तास वाचला असता: नकार नेमका कोणाला मिळतोय? अपाची सुरू होताना रूट म्हणून सुरू होतो, कॉन्फिगरेशन वाचतो आणि नंतर कामकरी प्रक्रिया साध्या वापरकर्त्याच्या नावावर सोडतो. म्हणजे ही फाइल वाचायला रूटला नकार मिळत होता. मालक, गट आणि मोड यांच्या जोरावर रूटला कोणी अडवत नाही. तेव्हा ७७७ने काही होणारच नव्हतं, कारण अडचण त्या थरात नव्हतीच. उलट पोर्टलची मांडणी कुणालाही बदलता यावी अशी उघडी पडली, ती मी सर्वांत आधी पूर्ववत केली.

हाताने केलेल्या दोन्ही चाचण्या यशस्वी का झाल्या, तेही समजून घ्यायला हवं. एसईलिनक्स वापरकर्त्याचं नाव बघत नाही, प्रक्रियेचा डोमेन, म्हणजे चालू प्रोग्रॅमवरचं लेबल, बघतो. लॉगिन करून बसलेल्या रूटच्या शेलचा डोमेन अनकन्फाइन्ड_टी असतो. त्यातून सुडोने अपाचीचं नाव धारण केलं तरी डोमेन तोच राहतो. सिस्टिमडीने सुरू केलेला अपाची मात्र एचटीटीपीडी_टी मध्ये जातो आणि त्याला नेमून दिलेलंच वाचता येतं. शेलमधून "चालतंय की" म्हणणं हा एसईलिनक्सच्या बाबतीत पुरावा ठरत नाही. "हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही" हे लक्षण मला दिसलं की मी आता थेट ऑडिट लॉगकडे जाते; कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, काय नाकारलं याच्या नोंदी तिथे असतात.

त्या लॉगमध्ये शोधायची आज्ञा: एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट. उत्तर एका ओळीचं, पण त्यात सगळं होतं. नाकारलेली क्रिया: रीड. कोण: एचटीटीपीडी. स्रोत संदर्भाचा प्रकार: एचटीटीपीडी_टी. लक्ष्य संदर्भ: अनकन्फाइन्ड_यू, ऑब्जेक्ट_आर, ॲडमिन_होम_टी. वर्ग: फाइल.

ॲडमिन_होम_टी म्हणजे रूटच्या घरातली वस्तू. ती अपाचीच्या कॉन्फिगरेशन फोल्डरात काय करत होती? लेबलं दाखवणारं एलएस -झेड केलं तर शेजारच्या सगळ्या फायलींवर एचटीटीपीडी_कॉन्फिग_टी आणि या एकीवर ॲडमिन_होम_टी. मॅचपाथकॉन -व्ही ला विचारलं तर त्यानेही तेच सांगितलं: या पत्त्यावर अमुक लेबल हवं, प्रत्यक्षात तमुक आहे.

फाइल आली कुठून ते मग सहकाऱ्यानेच ओळखलं. "मी /रूटमधून मूव्ह केली होती."

लेबल राहतं कुठे

एसईलिनक्सचं लेबल फाइलच्या पत्त्याला चिकटलेलं नसतं. ते त्या फाइलच्या आयनोडशी, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या मूळ नोंदीशी, सिक्युरिटी.एसईलिनक्स नावाच्या विस्तारित गुणधर्मात साठवलेलं असतं. कुठल्या पत्त्यावर कुठलं लेबल असावं याची यादी धोरणात, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमावलीत, वेगळी असते, पण कर्नल फाइल उघडताना ती यादी बघत नाही, फाइलवर प्रत्यक्ष काय आहे तेवढंच बघतो.

साताऱ्याचं कुटुंब पुण्यात राहायला आलं तरी सातारकरच राहतं. एमव्हीचं तसंच आहे. एकाच फाइलसिस्टिममध्ये एमव्ही फाइलला हातही लावत नाही, फक्त फोल्डरमधली नोंद बदलतो, त्यामुळे आयनोड तोच आणि लेबलही तेच. दुसऱ्या डिस्कवर नेतानासुद्धा तो लेबल सोबत नेतो. साधं सीपी, म्हणजे कॉपी, मात्र नव्या ठिकाणी नवी फाइल जन्माला घालतं आणि तिला तिथलं लेबल मिळतं. सीपी -ए केलं तर पुन्हा जुनं लेबल सोबत येतं. त्या रात्री त्याने एमव्हीऐवजी साधं सीपी केलं असतं, किंवा एमव्हीला -झेड जोडलं असतं, तर हे प्रकरण घडलंच नसतं.

या यंत्रणेबद्दल लोकांचा राग मला माहीत आहे, म्हणून थोडं मागचं सांगते. एसईलिनक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, डिसेंबर २००० मध्ये खुलं केलं. २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ मालिकेच्या कर्नलमध्ये आलं आणि २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ पासून हजारो सर्व्हरांवर पोहोचलं. अँड्रॉइड ५.० पासून ते फोनवरही पूर्ण सक्तीने चालतं, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ते आत्ताही काम करतंय. कल्पना साधी आहे. वेब सर्व्हरमध्ये कुणी शिरलाच, तर त्याला वेब सर्व्हरच्या कामापुरतंच दिसावं, रूटच्या घरातल्या फायली दिसू नयेत. आमच्या सर्व्हरवर त्याने नेमकं तेच केलं. रूटच्या घरातली वस्तू म्हणून लेबल असलेली फाइल त्याने अपाचीला दाखवली नाही. त्याचं काम चोख होतं, लेबल आम्ही चुकवलं होतं.

म्हणूनच सहकाऱ्याने सुचवलेले दोन्ही झटपट उपाय मी नाकारले. एक होता ऑडिट२अलाउ. तो नकाराच्या ओळी वाचून नवा नियम लिहून देतो. इथे तो "एचटीटीपीडी_टी ला ॲडमिन_होम_टी वाचू द्या" असा नियम देणार होता. पोर्टल सुरू झालं असतं आणि रूटच्या घरातल्या त्या लेबलच्या प्रत्येक फाइलचं दार वेब सर्व्हरसाठी लेबलपुरतं कायमचं उघडलं असतं. लेबल चुकलं असताना नियम बदलणं हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महागात पडणारा उपाय आहे, कारण तो लगेच लागू पडतो आणि नंतर त्याची आठवण कुणालाच राहत नाही. दुसरा उपाय सेटएन्फोर्स ०, म्हणजे सगळ्या मशीनवरची सक्तीच काढणं. त्याबद्दल पुढे बोलते.

त्याऐवजी यादीतलं लेबल फाइलवर परत लावणारी आज्ञा दिली: रिस्टोरकॉन -आरव्ही /एटसी/एचटीटीपीडी. एक ओळ आली: पोर्टल.कॉन्फचं लेबल बदललं. अपाची सुरू झाला. साडेनऊ वाजले होते.

दुसरा एरर, वेगळ्या वेषात

पाचच मिनिटांत खिडकीवरच्या कारकून बाई आल्या. मुखपृष्ठ दिसत होतं, पण लॉगिन होत नव्हतं. पीएचपीच्या लॉगमध्ये परमिशनचा शब्दही नव्हता. तिथे होतं: गेटॲडरइन्फो फेल्ड, नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन. म्हणजे डेटाबेसच्या मशीनचं नाव ओळखता येत नव्हतं.

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. एरर वाचून कुणीही नेटवर्ककडे धावेल, तसे आम्हीही धावलो. पिंग केलं, चाललं. गेटएंट होस्ट्सने बरोबर नवा पत्ता दिला. मारियाडीबीच्या क्लायंटने शेलमधून जोडून पाहिलं, जोडलं गेलं. सहकारी म्हणाला, वेब सर्व्हरला डेटाबेसशी बोलू देणारा बूलियन, म्हणजे धोरणातलं चालू-बंद बटण, बंद असेल. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी तपासला, तो चालू होता. प्रश्न चांगला होता, पण बूलियन बंद असता तर जोडणी नाकारली गेली असती, नाव ओळखण्यापर्यंतची पायरी तरी पार पडली असती. इथे तर गाडी नावावरच अडली होती.

मग तेच लक्षण पुन्हा दिसलं: हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही. एयूसर्च. पीएचपी-एफपीएमला होस्ट्स नावाची फाइल वाचायला नकार, लक्ष्य ॲडमिन_होम_टी. रॉकीवर पीएचपी-एफपीएमसुद्धा एचटीटीपीडी_टी मध्येच चालतो आणि /एटसी/होस्ट्सवर असायला हवं नेट_कॉन्फ_टी.

एररने वेष का बदलला? प्रोग्रॅमांसाठी पत्ता शोधून देणारं ग्लिबसी नाव शोधताना आधी /एटसी/होस्ट्स उघडायला जातं. ती उघडली नाही तर तक्रार करत नाही, पुढच्या मार्गाला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसला विचारतं. आमच्या खोलीतल्या मशीनचं नाव डीएनएसला माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे नकाराचा मूळ शब्द वाटेतच हरवला आणि शेवटी हातात आलं ते "असं नाव नाही". चुकीच्या लेबलांचे बिघाड पकडायला अवघड जातात ते यामुळे. परवानगीचा नकार प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या समजुतीप्रमाणे पचवतो. कुणी फाइल नाहीच म्हणतो, कुणी जुन्या ठरावीक मूल्यांवर गुपचूप चालू राहतो, कुणी नाव सापडलं नाही म्हणतो. कर्नलने काय नाकारलं हे ऑडिट लॉगलाच विचारावं लागतं. तोही काही वेळा गप्प असतो, कारण धोरणात डोंटऑडिट नियम असतात आणि ते ठरावीक नकारांची नोंदच होऊ देत नाहीत. सगळं जुळतंय, तरी लॉग रिकामा असेल, तर सेमॉड्यूल -डीबी ने ते नियम तात्पुरते बाजूला करायचे, बिघाड पुन्हा घडवायचा, नोंदी वाचायच्या आणि सेमॉड्यूल -बी ने पूर्ववत करायचं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

होस्ट्सवर रिस्टोरकॉन चालवलं, लॉगिन सुरू झालं आणि रांग पुढे सरकू लागली. पण आता एकामागे एक दारं उघडत बसणं मला मान्य नव्हतं. एन्फोर्सिंगमध्ये प्रोग्रॅम पहिल्या नकारापाशीच थांबतो, पुढचे दहा नकार दिसतच नाहीत. इथे परमिसिव्हचा खरा उपयोग आहे: त्यात काही अडवलं जात नाही, पण जे अडवलं गेलं असतं त्याची नोंद होते. तेही सगळ्या मशीनवर लागू करायची गरज नसते. सेमॅनेज परमिसिव्ह -ए एचटीटीपीडी_टी दिलं की तेवढाच डोमेन सैल होतो, बाकी मशीनची सक्ती कायम राहते. दहा मिनिटं तसं ठेवून आम्ही पोर्टलचं प्रत्येक पान उघडलं, अर्ज भरला, फोटो चढवला, पावती छापली. नवी नोंद आली नाही. लगेच -डी देऊन सक्ती परत आणली. सेटएन्फोर्स ० बद्दल माझं म्हणणं एवढंच: पाहण्यासाठी वापरा, तेही मिनिटांच्या हिशेबाने. तसंच ठेवून घरी जायचं नाही.

जो बिघाड कुणी कळवलाच नव्हता

तेवीस फायलींपैकी दोनच सुधारल्या होत्या. रिस्टोरकॉन -आरएनव्ही /एटसी चालवलं. यातला -एन महत्त्वाचा, त्याने काही बदलत नाही, फक्त काय बदलेल ते छापलं जातं. उरलेल्या एकवीसही फायली यादीत आल्या. सहज म्हणून बसवलेली पॅकेजं तपासणारं आरपीएम -व्हीए सुद्धा चालवून पाहिलं होतं, त्यात लेबलांचा मागमूस नव्हता. तो आकार, चेकसम, मोड आणि मालक तपासतो, लेबल तपासत नाही. सगळं ठीक आहे असं पॅकेज व्यवस्थापकाने सांगितलं, म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

यादीतल्या बहुतेक फायली बिनमहत्त्वाच्या होत्या. एका नावावर मात्र माझी नजर थांबली: /एटसी/क्रॉन.डी/बॅकअप.

ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनडीचा लॉग, /व्हार/लॉग/क्रॉन, उघडला. क्रॉनडीने लिहून ठेवलं होतं की या फाइलचा एसईलिनक्स संदर्भ अधिकृत नाही, क्रॉन तक्ता भरता आला नाही. क्रॉनडी अशा फाइलचं लेबल स्वतः तपासतो आणि ते पटलं नाही तर तिच्यातलं काम चालवतच नाही. नोंद होते ती त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये. रात्री दीडची बॅकअप प्रत तयारच झाली नव्हती. ज्या प्रतीमुळे रविवारी रात्री आम्ही सावरलो होतो, तिची पुढची प्रत निघणं त्या सावरण्यातच बंद पडलं होतं. आणि रविवारी दिवसभर सगळ्यांत जास्त अर्ज भरले गेले होते.

ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. पोर्टल बंद पडलं की फोन येतो. बॅकअप बंद पडला की कुणाचाही फोन येत नाही, तो कळतो ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी. आम्ही आधी हाताने पूर्ण प्रत काढली, ती दुसऱ्या डिस्कवर उघडून पाहिली आणि मगच -एन काढून /एटसीवर रिस्टोरकॉन चालवलं.

मंगळवार, आणि माझी चूक

इथे थांबायला हवं होतं. पण सोमवारी रात्री मला वाटलं की पूर्ण खात्री करावी. फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट देऊन मशीन रीबूट केलं. यात सुरू होताना सगळ्या फाइलसिस्टिमची लेबलं धोरणातल्या यादीप्रमाणे नव्याने लावली जातात. एसईलिनक्स बरेच दिवस पूर्ण बंद ठेवून परत चालू करताना हे करावंच लागतं, कारण बंद काळात जन्मलेल्या फायलींना लेबल मिळालेलंच नसतं. आमच्या बाबतीत गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी अर्ज भरले जात होते, फोटो मात्र चढत नव्हते. /डेटा/अपलोडवर डीफॉल्ट_टी हे लेबल होतं, त्यात वेब सर्व्हरला लिहिता येत नाही. दोन वर्षांपूर्वी ती डिस्क जोडली तेव्हा कुणीतरी चीकॉनने तिथे एचटीटीपीडी_एसवायएस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी लावलं होतं. ते कुणीतरी म्हणजे बहुधा मीच, कारण तेव्हा या खोलीत मी एकटीच होते. चीकॉन फाइलवरचं लेबल बदलतो, धोरणातल्या यादीत काही लिहीत नाही. नव्याने लेबलं लावताना यंत्रणेने यादी पाहिली, /डेटाबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून डीफॉल्ट_टी लावलं. रीबूटआधी रिस्टोरकॉन -आरएनव्ही /डेटा चालवलं असतं तर हे डोळ्यांसमोर आलं असतं. /एटसीसाठी घेतलेली काळजी मी /डेटासाठी घेतली नाही.

उपाय दोन आज्ञांचा. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी देऊन /डेटा/अपलोड आणि त्याखालच्या सगळ्यासाठी ते लेबल यादीत कायमचं नोंदवायचं, मग रिस्टोरकॉन -आरव्ही. यादीत नोंद आणि फाइलवर लेबल, दोन्ही एक झालं. चढवण्यात अडकलेल्या बेचाळीस विद्यार्थ्यांना कारकून बाईंनी स्वतः फोन करून फोटो पुन्हा चढवायला सांगितलं. अर्जाची मुदत बुधवारी संध्याकाळी संपली, तोवर सगळ्यांचे फोटो आले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात सहकाऱ्याने आणि मी बॅकअपची स्क्रिप्ट उघडली. टारला --एसईलिनक्स दिलेलं नव्हतं, म्हणजे जुन्या कुठल्याही प्रतीत लेबलं साठवलेलीच नाहीत. नव्या प्रतींसाठी ते जोडलं. परत ठेवण्याच्या पद्धतीत मात्र आम्ही लेबलांसाठी प्रतीवर विसंबत नाही: फायली सीपीने ठेवायच्या, लगेच त्या फोल्डरावर आधी रिस्टोरकॉन -आरएनव्ही, यादी वाचायची, मग -एन शिवाय. दर रविवारी रात्री /एटसी आणि /डेटावर तीच कोरडी तपासणी क्रॉनमधून चालते आणि तिची यादी आम्हा दोघांना मेलने येते. क्रॉनने ती न चालवल्यास मेल येत नाही, म्हणून सोमवारी सकाळी मेल आला की नाही हे पाहायचं काम त्याने स्वतःहून घेतलं आहे.